खोली नंबर अकरा

आधी पेनाने गोल काढायचे हातावर,
एकेका गोलात एकेक थेंब:
तूर, शेंगदाणा, गाजरगवत, घरातली धूळ,
आणि शेवटच्या गोलात हिस्टामिन.
तो फुगलाच पाहिजे,
नाहीतर बाकीच्यांची साक्ष धरायची नाही.
मग सुईचं टोक, रक्त न काढता.
पंधरा मिनिटं.
लातूरच्या या दवाखान्यातलं घड्याळ मागे पडतं,
ते मी मनात मिळवते.

प्रयागबाई सुरवसे, राहणार औसा.
वांगं सोडलं, डाळ सोडली,
आमसुलाचं पाणी चोळून चोळून
पोलक्याच्या बाह्या डागाळल्या.
"खाजायलंय बगा मॅडम, गांधी उठायल्यात,
तारखेच्या आदल्या राती तर लईच."
तारीख कोर्टाची. पोटगीची. एकविसावी.

माझे थेंब गप्प राहिले.
तूर गप्प, शेंगदाणा गप्प,
गाजरगवतसुद्धा, ज्यानं अर्धा जिल्हा खाजवतो.
एकटा शेवटचा फुगला, नियमाप्रमाणे.
तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.
वकील.
ती "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिली
आणि मी तिच्या मानेकडे बघत राहिले.
जिथे मी सुई लावलीच नव्हती
तिथे एक गांध उठली,
मग दुसरी,
मग कानामागून खाली, रांगेनं.

डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगतात:
मज्जातंतूच्या टोकाशी एक पेशी बसलेली असते,
दाण्यांनी गच्च, कणगीसारखी.
तंतू तिच्यापाशी एक रसायन सोडतो,
त्याचं नाव नुसतं 'पी'
(नाव ठेवायला बारशाला कुणी आलंच नसावं).
कणगी फुटते. हिस्टामिन सांडतं.
ते परत तंतूलाच डिवचतं,
तंतूच्या फाट्याफाट्यांतून बातमी पळते
आणि लाली पसरते,
गल्लीत चुगली पसरावी तशी.

मी पोरांना काही सांगत नाही.
पण पेशीला कुठे ठाऊक,
निरोप गवताचा आला की वकिलाचा.
कडी वाजली
की ती सगळं दाणं अंगणात ओतते.

बाकावर शेजारी गुंडाप्पा हालगे,
देवणीच्या स्टँडवर भज्यांची कढई.
तेल उडालं तरी हात काढत नाही, म्हणून
गावात नाव.
मनगटाच्या वर एक फिकट चट्टा, रुपयापेक्षा मोठा.
डॉक्टर म्हणाले, जुनी चाचणी करून बघू.
एक थेंब चट्ट्यावर, एक चांगल्या कातडीवर,
दोन्ही हिस्टामिनचे.

चांगल्या कातडीवर गांध उठली, भोवती लाली फुटली.
चट्ट्यावर गांध उठली,
आणि भोवती काहीच नाही.
दाणे सांडले होते,
बातमी न्यायला कुणी उरलं नव्हतं.

प्रयागबाईनं हात खाजवत वाकून पाहिलं.
"बरं हाय की बाबा तुमचं."
म्हातारा हसला नाही.
बाही वर करून कोपराजवळचा काळा व्रण दाखवला.
"ह्यो कवा पोळला, मला नाई कळला, माय.
वास आला तवा कळलं."

मग ती खाजवायची थांबली,
म्हणजे तिचा हात थांबला. कातडी नाही.

तिला रोजची एक गोळी, आणि तारीख बावीसावी.
त्याला बारा महिन्यांची पाकिटं, दर महिन्याला एक.

आठव्या पाकिटाला त्यानं स्वतःच हात पुढे केला,
"करा ताई, तेच."
मी गोल काढले. थेंब. सुई. पंधरा मिनिटं अधिक दोन.
चट्ट्याच्या एका कडेला
गुलाबी काहीतरी होतं,
किंवा ट्यूबलाइटचा उजेड होता,
अजूनही शपथेवर सांगता येणार नाही.
मी स्पिरिटचा बोळा घेतला
तर त्यानं माझा हात धरला,
कढईतून भजं काढावं तसा, सांभाळून.
"पुसू नका.
खाजायलंय."